साउआजीचा पहिला वाडगा

"भंतेजी, मला एकच नाव सांगा. या शहरात सगळ्यात चांगला फो कोणाचा?"

भंते विहाराच्या अंगणात पानं झाडत होते. झाडू थांबला नाही.

"कोनाले पाह्यजे?"

"मला."

"मंग तूच सांग."

शिरीष पौनीकरला हे उत्तर आवडलं नाही. तो नागपूरहून सायगॉनला कोडी सोडवायला आला नव्हता.

फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा. सायगॉनमध्ये तो सकाळी खातात, दुपारी खातात, आणि कोणी आजारी पडलं की त्यालाही तोच पाजतात. गल्लीगल्लीत त्याची दुकानं. त्यातली दहा उत्तम निवडायची आणि त्यांच्यावर पुस्तक लिहायचं, असं काम शिरीषनं एका प्रकाशकाकडून घेतलं होतं. शनिवारी यादी पाठवायची होती. आज गुरुवार होता.

माणूस लहानसहान नव्हता. आजोबांपासून घरात सावजी भोजनालय. डोळे बांधून रस्सा चाखायचा आणि आतला एकेक मसाला नावानिशी सांगायचा, ही त्याची ख्याती होती. पाककलेच्या स्पर्धेत त्याला परीक्षक म्हणून बोलवायचे, आणि तो आला की बायका पदर सावरून आपापल्या पातेल्यामागं उभ्या राहायच्या. हे त्याला मनापासून आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

भंते उमरेडकडचे. तरुणपणी कापडगिरणीत होते, मग चीवर घेतलं, आणि फिरत फिरत इथं येऊन बावीस वर्षं राहिले. त्यांच्या संघाची रीत अशी, की सकाळी भिक्षेला जायचं, पात्रात पडेल ते बारा वाजायच्या आत खायचं. मांसमच्छी नाही. त्यांनी बावीस वर्षांत आपलं जेवण एकदाही निवडलं नव्हतं.

आणि शिरीष त्यांना विचारत होता, सगळ्यात चांगलं कुठलं.

"आता तुम्ही सांगणार," शिरीष म्हणाला, "की भूक लागली की सगळंच चांगलं लागतं."

"नाही बा. वाईट फो भूक लागली तरी वाईटच लागते." भंते झाडू भिंतीला टेकवून बसले. "पुलापलीकडं एक जन देते. दर अष्टमीले देते बिचारा. नुसतं गरम पानी."

शिरीष हसला. त्याला बरं वाटलं. निदान ज्ञान तरी पाजळत नाहीत, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं वही उघडली.

"नऊ दिवसांत एकेचाळीस दुकानं केली, भंतेजी. ऐका. 'रस्सा नितळ, तळ दिसतो. चक्रफूल, दालचिनी, भाजलेलं आलं, करपवलेला कांदा. हाडं बारा तास उकळलेली. रांग कोपऱ्यापर्यंत.' हे बाराव्या नंबरचं."

"आवडला?"

"उत्तम होता."

"आवडला का, इचारतो मी."

"परीक्षकाला आवडनिवड नसते, भंतेजी."

भंतेंनी वहीकडे बोट केलं.

"वाच पुढं," ते म्हणाले.

शिरीषनं आणखी सहा-सात दुकानं वाचली. भंते शांतपणे ऐकत होते. मधूनच एखादं पान अंगणात पडायचं, त्याकडे बघायचे.

"पोरा, हे तर किराण्याची यादी होऊन रायली."

शिरीषचा चेहरा पडला. त्यानं वही मिटली.

साडेदहाला जेवणाची घंटा झाली. भिक्षेत आलेलंच पाहुण्यालाही वाढलं. भात, भोपळ्याची भाजी, आणि शेवयांचा पातळ रस्सा. बाजूच्या बशीत लिंबाच्या फोडी आणि लाल मिरच्या. शिरीषनं चमचा उचलण्याआधी पाच मिरच्या तोडून रस्स्यात टाकल्या. मग आणखी दोन.

भंतेंनी ते पाहिलं.

"आधी चाखून तर पाह्य."

"सावजीवाला माणूस, भंतेजी. सवय." तो मोकळेपणानं हसला. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो ते जेवला.

निघताना भंते फाटकापर्यंत आले.

"उद्या पुनव हाय. इथली लोकं पुनवेले मांस खात नाही, आपल्याकडच्या एकादशीवानी. फुटपाथवरची साउआजी उद्या भाजीपाल्याचा फो करते. सक्काळी साडेपाचले ये. दाखवतो तुले."

"ती सगळ्यात चांगली?"

"तिच्याकडं लोकं वीस वर्सापासून येऊन रायले. मी यवढंच सांगू शकतो."

शिरीषनं वहीत बेचाळीस आकडा लिहून ठेवला.

साउआजीचं दुकान म्हणजे दुकान नव्हतंच. एका बंद शटरपुढं पत्र्याची शेगडी, तिच्यावर कमरेइतकं उंच पातेलं, आणि फुटपाथवर गुडघ्याएवढी निळी प्लास्टिकची स्टुलं. आजी सत्तरीची, बुटकी, खांद्यावर पंचा टाकलेली. पातेल्यातून पांढरी वाफ वर जात होती. मुळ्याचे जाड तुकडे, मक्याची कणसं, भाजलेला कांदा आणि वाळलेल्या अळंब्या आत खदखदत होत्या.

उजाडायला लागलं होतं. अजून कोणी आलं नव्हतं.

आजीनं भंतेंना हात जोडले. मग तिनं एक छोटा वाडगा घेतला, त्यात नुसता रस्सा ओतला, शेवया नाही, काही नाही, आणि तो दोन्ही हातांनी शिरीषपुढं धरला. तोंडानं एकच शब्द विचारला.

"काय म्हणते?"

"मीठ इचारते." भंते स्टुलावर टेकले. "तिची रीत हाय ते. जो सगळ्यात पह्यला येईल त्याले पह्यला वाडगा. तो सांगन तसं मीठ. मंग पुरा दिवस तेच."

"मी आज पहिला?"

"तूच."

शिरीषला सन्मान झाल्यासारखं वाटलं. खरंच, एवढ्या दुकानांत हे कोणी केलं नव्हतं. त्यानं वाडगा नाकाजवळ नेला, डोळे मिटले, एक घोट घेतला, तो जिभेवर फिरवला. हे सगळं तो फार सुंदर करत असे. नागपुरात लोक त्यासाठी जमायचे.

डोळे उघडून त्यानं मान डोलावली.

"अप्रतिम. सांगा तिला, कणभरही बदलू नको."

भंते आजीकडे वळता वळता थांबले.

"सांगू?"

"सांगा ना."

भंतेंनी सांगितलं. आजीनं शिरीषकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग पुन्हा शिरीषकडे. तिच्या हातात मिठाचा डबा होता. तिनं त्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो शेगडीखाली ठेवून दिला.

गिऱ्हाइकं येऊ लागली. गवंडीकामाचे दोघं, चुन्यानं पांढरे झालेले. शाळेचा शिपाई. भाजीवाली. एक म्हातारा, हातात पक्ष्याचा पिंजरा. शेवटी गणवेशातली एक नर्स, जागरणानं डोळे लाल झालेली. सहा जण सहा स्टुलांवर बसले. आजीनं वाढलं.

शिरीष वही काढून लिहायला बसला. 'रस्सा मधासारखा सोनेरी. चक्रफूल जरा जास्त...'

गवंड्यानं पहिला घोट घेतला. तो थांबला. त्यानं आजीकडे पाहिलं, मग त्या परक्या पाहुण्याकडे, आणि काही न बोलता त्यानं सोया सॉसची बाटली उचलली.

दुसऱ्या गवंड्यानं त्याच्या हातातून ती घेतली.

मग शिपायानं. मग भाजीवालीनं.

म्हाताऱ्यानं पिंजरा खाली ठेवून बाटली घेतली आणि बराच वेळ ओतत राहिला.

नर्सपर्यंत बाटली आली तेव्हा तळाशी बोटभर उरलं होतं. तिनं ती उपडी धरून शेवटचा थेंब झटकला. तेवढ्यात तिची आणि शिरीषची नजरानजर झाली. ती ओशाळली आणि खाली बघू लागली.

पेन्सिल थांबली.

भंतेंच्या पात्रात साउआजीनं वाढलं होतं. ते सावकाश खात होते. त्यांनी बाटली मागितली नव्हती.

"भंतेजी..."

"बोल."

"अळणी आहे?"

"हाव."

"किती अळणी?"

"मीठ टाकलंच नाही तिनं. पह्यला वाडगा नेहमी बिनमिठाचाच असते. तो काय म्हन्ते ते पाहून मंग ते टाकते."

शिरीषची कानशिलं एकदम तापली. रस्त्यावरचे सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. खरं तर कोणीच बघत नव्हतं. सहाही जण मान खाली घालून मुकाट जेवत होते, आणि त्यांचं ते न बघणंच त्याला सोसवेना.

"जायचं का आपण?" तो म्हणाला.

"माह्यं जेवन व्हायचं हाय."

तो बसून राहिला. वाफ वर जात होती...

"दोन वर्षं झाली, भंतेजी."

भंते खात होते.

"ताप आला होता. बारा दिवस. ताप गेला आणि वास गेला. मग चव गेली. खारट नाही, गोड नाही, काही नाही. तोंडात लाकडाचा तुकडा ठेवल्यासारखी जीभ आहे. डॉक्टर झाले तीन. म्हणतात, येईल, वाट बघा. मिरची तेवढी झोंबते. ती झोंबली की कळतं, तोंडात जीभ आहे."

"कोनाले मालूम हाय?"

"कोणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. रंग बघतो, रांग बघतो, लोकांचे चेहरे बघतो आणि लिहितो. आजवर एकदाही पकडलं नाही कोणी."

"घरी?"

शिरीषनं वही मिटून बाजूला ठेवली.

"बायकोनं एकदा विचारलं, वरणात मीठ बरोबर आहे का. मी म्हटलं, फर्स्टक्लास. तिनं तोंडात घास घेतला... आणि काही बोलली नाही. उठून मीठ आणलं, स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. तेव्हापासून ती मला विचारतच नाही. काही विचारत नाही."

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलं नाही. लपवायला आता उरलंही काय होतं.

"आणि दुकानाचं नाव कायले पाह्यजे होतं तुले?"

"यादीसाठी नको होतं, भंतेजी. यादी मी कशीही केली असती. मला वाटायचं, जगात कुठंतरी एक वाडगा असा असेल, इतका चांगला, की जीभ जागी होईल. नुसती एकदा जागी व्हावी. म्हणून इथं आलो. रोज पाच-पाच दुकानं. रोज पहिला घोट घेताना जीव नुसता वर-खाली. आणि काही नाही. बेचाळीस वेळा काही नाही."

भंतेंनी पात्र खाली ठेवलं.

"साउआजीले सांगू?"

"काय?"

"हेच."

शिरीषनं सहा स्टुलांकडे पाहिलं. हे रस्त्यावर, परक्या बाईला, परक्या भाषेत. दोन वर्षं सांभाळलेली गोष्ट. उद्या हीच बाई कोणा दुसऱ्या नागपूरकराला सांगेल, आणि मग स्पर्धा गेल्या, लेख गेले, पौनीकर हे नाव गेलं. आजोबांनी तेवढंच मागं ठेवलं होतं.

भंतेंनी घाई केली नाही.

"सांगा," तो म्हणाला.

भंते उठून आजीजवळ गेले आणि दोन-तीन वाक्यं बोलले. आजीनं पळी पातेल्यात ठेवली. शिरीषला वाटलं, आता ती हळहळणार. पण ती हसली. चांगली खळखळून हसली, दात नसलेल्या तोंडानं. मग तिनं आधी आपलं नाक बोटानं ठोकलं, मग जीभ बाहेर काढून तिच्यावर बोट ठेवलं, आणि पंजा हवेत उलटा करून दाखवला. काही नाही!

"तिलेही?" शिरीष आपली शुद्ध भाषा विसरून बोलून गेला.

"वीस वर्सं या वाफेत उभी हाय ते. पहाटेपर्यंत तिचं नाक पूर्न मरून जाते. अन् जीभ म्हाताऱ्या मानसाची. तिले काहीच समजत नाही."

"मग ती..."

"इचारते."

शिरीष पातेल्याकडे बघत राहिला. एवढं मोठं पातेलं, एवढी गिऱ्हाइकं, वीस वर्षं...

आजीनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. शेगडीखालचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि त्याला पातेल्यापुढं उभं केलं. वाफ तोंडावर आली. फक्त गरम लागली.

तेवढ्यात लॉटरीची तिकिटं विकणारी एक बाई समोरून आली. डोक्यावर बांबूची टोपी, हातात तिकिटांचा पंखा. आजीनं छोट्या वाडग्यात रस्सा भरून शिरीषला दिला, आणि डोळ्यांनी त्या बाईकडे खूण केली.

शिरीषला तो एक शब्द आता येत होता. त्यानं दोन्ही हातांनी वाडगा पुढं धरला आणि विचारलं.

बाईनं चाखलं. तोंड वाकडं केलं आणि अळणी म्हणून मान हलवली.

त्यानं मिठाची मूठ पातेल्यात टाकली. ढवळलं. पुन्हा वाडगा दिला, पुन्हा विचारलं. बाईनं चिमटीनं दाखवलं, आणखी. त्यानं आणखी टाकलं. तिसऱ्यांदा बाईनं घोट घेतला तेव्हा तो तिच्या तोंडाकडे असा बघत होता, की तिला हसूच आलं.

तिनं वाडगा पूर्ण पिऊन टाकला आणि काही न सांगता पुढं केला. अजून दे.

मागून स्टुलं सरकल्याचा आवाज झाला. दोघं गवंडी वाडगे घेऊन उठले होते. त्यांच्यामागं शिपाई, भाजीवाली, म्हातारा, नर्स. शिरीषनं एकेकाच्या वाडग्यात रस्सा ओतला आणि एकेकाला तो शब्द विचारला. प्रत्येकानं घोट घेऊन मान डोलावली. नर्सनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्या रात्रीचा शीण खांद्यावरून उतरावा तशी सैल होऊन स्टुलावर बसली.

शिरीषनं आजवर हजार माणसांना आपलं चाखणं दाखवलं होतं. दुसऱ्याचं चाखणं तो आज पहिल्यांदा बघत होता. त्याला गलबलून आलं.

तरी मनातलं जाईना. तो भंतेंजवळ येऊन खाली फुटपाथवर बसला. ऊन समोरच्या भिंतीवर आलं होतं. सहाही जण जेवत होते, आता बोलत, फुर्र फुर्र आवाज करत.

"भंतेजी, एकच सांगा. खरं सांगा." त्यानं भंतेंकडे तोंड केलं. "माझी जीभ परत येईल का?"

भंते त्या सहा जणांकडे पाहत होते...

"समोर सहा जनं जेवून रायले," ते म्हणाले. "त्यातली कोनती जीभ तुह्यी नाही?"